लेफ्टनंट कर्नल ते सरपंच: फौजेतून राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी माझा अनुभव

गेल्या दोन वर्षांत चार ज्युनिअर ऑफिसरांचे फोन आले आणि चौघांचा प्रश्न थोड्याफार फरकाने तोच, "सर, पेपर टाकायचा विचार चाललाय, गावाकडं येऊन राजकारणात उतरायचंय, कसं करू?" पेपर टाकणं म्हणजे फौज सोडायचा अर्ज देणं. प्रत्येकाला तास तास तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी काय मोठा नेता नाही. एकवीस वर्षं नोकरी, शेवटी लेफ्टनंट कर्नल, मग जिल्हा परिषदेला पडलो, त्याच वर्षी गावचा सरपंच झालो, पाच वर्षं काढली, एवढीच माझी कारकीर्द. पण खासदार मंत्री झालेल्यांचं सगळीकडे छापून येतं, पडलेल्यांचं कोणी लिहीत नाही, आणि नवीन माणसाला पडलेल्याचंच जास्त उपयोगी पडतं असं माझं मत.

१९९१ ला कमिशन, इंजिनिअर्समध्ये, म्हणजे सॅपर. कर्नलच्या सिलेक्शन बोर्डात नाव आलं नाही, सुपरसीड झालो, म्हणजे बढती हुकली, हे आधीच सांगून टाकतो कारण राजकारणात येणारे निम्मे ऑफिसर असेच दुखावलेले असतात आणि तो राग घेऊनच गावाकडं येतात. मीही आणला होता. त्याचा उपयोग शून्य, गावात कोणाला सिलेक्शन बोर्ड म्हणजे काय ते माहीतच नाही, त्यांच्या लेखी तुम्ही "मिलिट्रीतले साहेब", मग मेजर असा नाहीतर जनरल.

आता जनरलवरून आठवलं. माजी लष्करप्रमुख जनरल जे. जे. सिंग २०१७ ला पंजाबात पतियाळा शहरातून विधानसभेला उभे राहिले, समोर कॅप्टन अमरिंदर सिंग. एक लष्करप्रमुख म्हणून रिटायर झालेला माणूस आणि एक साठच्या दशकात कॅप्टन असतानाच फौज सोडलेला माणूस. जनरल साहेब तिसऱ्या नंबरवर गेले. कारण कॅप्टन साहेबांनी त्याआधीची सदतीस वर्षं त्या राजकारणात काढली होती, १९८० ला खासदार, २००२ ला मुख्यमंत्री, वर पतियाळाचं राजघराणं पाठीशी. आणि गंमत बघा, २०२२ ला त्याच पतियाळात अमरिंदर सिंग स्वतःही पडले. जनरल करिअप्पांसारखा माणूस, स्वतंत्र भारताचा पहिला भारतीय लष्करप्रमुख, १९७१ ला मुंबईतून लोकसभेला उभा राहिला आणि पडला. त्यामुळे रँकवर मतं पडतात हा गैरसमज असेल तर आत्ताच काढून टाका. रँकमुळे पहिला चहा मिळतो, लोक खुर्ची देतात, पोरं सेल्फी काढतात, तिथून पुढचं सगळं तुम्हाला करायचंय.

उलटी उदाहरणंही आहेत, नाही असं नाही. जनरल व्ही. के. सिंग २०१२ ला लष्करप्रमुख म्हणून रिटायर झाले आणि २०१४ ला गाझियाबादमधून साडेपाच लाखांपेक्षा जास्त मतांनी आले. राज्यवर्धन राठोड कर्नल, २००४ चं ऑलिंपिक रौप्यपदक, २०१३ ला फौज सोडली आणि पुढच्याच वर्षी जयपूर ग्रामीणचे खासदार. पण ही उदाहरणं बघून पेपर टाकू नका. एक लष्करप्रमुख आणि एक ऑलिंपिकवीर, दोघांनाही देश आधीच ओळखत होता आणि २०१४ ची लाट वेगळीच होती. तुम्हाला आम्हाला आपल्या तालुक्याच्या बाहेर कोण ओळखतं? तालुक्यातच ओळखत नाहीत, तोच तर सगळा घोळ आहे.

आपल्यासारख्यांनी बघायचं तर जसवंत सिंगांकडे बघा. मेजर असताना १९६६ ला फौज सोडली, राज्यसभेत गेले १९८० ला. मधे चौदा वर्षं. पुढे परराष्ट्र, संरक्षण, अर्थ अशी खाती सांभाळली हे सगळ्यांना माहिती असतं, मधली चौदा वर्षं कोण मोजत नाही. किंवा अलीकडचे कॅप्टन ब्रिजेश चौटा, गोरखा रायफल्समध्ये होते, फौज सोडल्यावर बरीच वर्षं पक्षसंघटनेत काम, मंगळूरात म्हशींच्या शर्यतीचा कंबळा भरवायचा, आणि मग २०२४ ला दक्षिण कन्नडचे खासदार. कंबळा ऐकून हसू नका. आपल्याकडं कुस्तीचा फड आणि जत्रा तेच काम करतात.

आपल्या महाराष्ट्रात १९९१ ला सुधीर सावंत राजापूरमधून निवडून आले, समोर मधु दंडवते, जे १९७१ पासून तिथून कधी हरले नव्हते. फौजी माणूस दिग्गजाला पाडू शकतो याचं ते उदाहरण आहेच, पण मागे पक्ष होता आणि माणूस त्याच मातीतला होता हे विसरू नका.

आता माझं सांगतो.

फौजेची नोकरी म्हणजे दोन-अडीच वर्षं झाली की ट्रंका भरायच्या. लेह, भटिंडा, खडकी, दिमापूर, परत खडकी. एकवीस वर्षांत गावात किती दिवस राहिलो याचा एकदा हिशेब केला, वर्षाची साठ दिवसांची रजा, त्यातली निम्मी सासरी आणि लग्नकार्यात, म्हणजे सलग असं गाव मी पाहिलंच नव्हतं. कोणाची बांधावरून कोणाशी भांडणं, कुठल्या भावकीचं कुठल्या भावकीशी पटत नाही, सोसायटीत कोणाचं पॅनेल, दूध संकलन कोणाकडं, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. माझ्या वयाची पोरं तोवर दोनदा ग्रामपंचायत सदस्य, सोसायटीचे चेअरमन होऊन गेलेली. आपण ज्याला करिअर म्हणतो ना त्या एकवीस वर्षांत आपण मतदारसंघापासून लांब लांबच जात असतो, आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी आपल्याला वाटतं की लोक आपली वाट बघतायत.

२०१२ ला पीएमआर, म्हणजे मुदतीआधीची निवृत्ती, घेऊन आलो. इथं एक महत्त्वाचं, जे अजून नोकरीत आहेत त्यांच्यासाठी. युनिफॉर्म अंगावर असताना यातलं काहीही करू नका. आर्मी रूल्स १९५४ मधला नियम २० नीट वाचा, राजकीय सभेला जाणं, पक्षाचं सदस्य होणं, वर्गणी देणं, उमेदवार म्हणून स्वतःला जाहीर करणं, सगळं बंद. रजेवर आलोय म्हणून पुढाऱ्याच्या स्टेजवर जाऊन बसलं आणि पोरांनी फोटो टाकला की झालं. माझ्या ओळखीतल्या एकाला असाच एक फोटो चांगला महागात पडलाय. आधी पेपर, मग सँक्शन, मग रिलीज, मग बाकीचं.

आणि पैशाचं गणित. पूर्ण पेन्शनला ऑफिसरला वीस वर्षं लागतात. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांनो, तुमची दहा किंवा फार तर चौदा वर्षं, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे घेऊन तुम्ही पस्तिशीच्या आसपास बाहेर येणार. वय भारी आहे, राजकारणाला पस्तीस म्हणजे पोरगंच, पण घर कशावर चालणार ते आधी ठरवा, आधी म्हणजे आधी. राजकारण हा पोटापाण्याचा धंदा केला की तुम्ही ठेकेदाराच्या खिशात गेलात म्हणून समजा. मला पेन्शन होती म्हणून टिकलो. कम्युटेशनचे पैसे मात्र मी निवडणुकीत घातले, निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते ती विकली आणि पंधरा वर्षं कमी पेन्शन घेत बसलोय. बायको अजून बोलत नाही त्यावर, पण पेन्शनचा मेसेज आला की माझ्याकडं बघते. ते पैसे निवडणुकीत घालू नका.

फौजी डोक्याला वाटतं कागदपत्रं म्हणजे क्लार्कचं काम. सगळ्यात मोठी चूक माझी तिथंच होणार होती. शेवटची पोस्टिंग पुण्याला होती, तिथं आम्ही दोघांनी साधे मतदार म्हणून नावं नोंदवली होती, आणि गावी आल्यावर घर बांधलं, गॅस घेतला, बँकेत पत्ता बदलला, मतदार यादी मात्र राहूनच गेली. जिल्हा परिषदेला उभं राहायचं तर त्या जिल्हा परिषदेच्या हद्दीतल्या मतदार यादीत नाव लागतं. आणि या निवडणुकांना विधानसभेची ठरावीक तारखेची यादी धरतात, ती तारीख उलटली की तुम्ही कर्नल असा नाहीतर कलेक्टर, काही करता येत नाही. आमच्या भागातले एक जुने कार्यकर्ते, सगळे त्यांना तात्या म्हणतात, सातवी शिकलेले, त्यांनी सहज विचारलं, "साहेब, यादीत बघितलं का नाव?" मी म्हणलं असणारच की. ते काही बोलले नाहीत, पिशवीतून यादीचं बाड काढलं, आमच्या आळीचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. भाऊ, वहिनी, पुतण्या, सगळे होते. मी नव्हतो. तेव्हा अजून महिनाभर हातात होता म्हणून वाचलो.

तुम्ही सर्व्हिस व्होटर, म्हणजे फौजी म्हणून वेगळ्या यादीतले मतदार, असाल तर रिटायर झाल्यावर ते नाव आपोआप साध्या यादीत येत नाही, फॉर्म ६ भरावा लागतो, आणि आधीच साधे मतदार असाल पण दुसरीकडचे तर पत्ता बदलायला आता फॉर्म ८. विधानसभेला राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघात नाव असलं तरी चालतं, लोकसभेला देशात कुठंही. गावपातळीवर मात्र कडक. आणि महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांना दोन अपत्यांची अट आहे, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर विषय संपला. राखीव जागा असेल तर जात पडताळणी. हे सगळं कंटाळवाणं आहे, मला कळतं, पण छाननीच्या दिवशी समोरच्याचा वकील याच कागदांवर बसलेला असतो.

बरं, पक्षात कसं जायचं. मी गेलो तेव्हा वाजतगाजत घेतलं, हार, फेटा, फोटो. पंधरा दिवसांत माजी सैनिक सेलचा जिल्हाध्यक्ष केला. मला वाटलं ब्रिगेडची कमांड मिळाली. नंतर कळालं की २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २६ जुलैचा कारगिल विजय दिवस या तीन दिवशी आपण स्टेजवर पहिल्या रांगेत आणि तिकीट वाटपाच्या बैठकीला आपल्याला कोणी फोनही करत नाही. सगळ्याच पक्षांत असंच आहे, मी चौकशी केलीय. सेल घ्यायचं तर घ्या पण त्यासोबत बूथचं काहीतरी काम मागा, पंचायत समितीच्या एका गणाची जबाबदारी मागा, नाहीतर तुम्ही फेटा बांधायच्या कामाचे.

पहिली बैठक माझी मी घेतली ती अजून लोक सांगून हसतात. सगळ्यांना सकाळी दहाची वेळ दिली होती. दहाला मी मंदिरासमोर, पांढरा शर्ट, बूट पॉलिश केलेले, हातात नकाशा. हो, मी गटातल्या गावांचा नकाशा काढून नेला होता, बूथप्रमाणे रंग भरून. समोर सतरंजी टाकणारा पोरगा, एक आजोबा जे तसेही तिथंच बसलेले असतात, आणि आमचे सुभेदार साहेब, माझ्याच रेजिमेंटचे, शेजारच्या गावचे, रिटायर होऊन तोवर दहा वर्षं झालेली. मी दहा वाजून दोन मिनिटांनी बोलायला सुरुवात केली. सुभेदार साहेब हळूच जवळ आले, म्हणाले, "साहेब, हितं फॉल-इन नसतं. बसा, चहा घ्या, अकरापर्यंत दूध घालून येतील मंडळी." साडेअकराला पन्नासेक लोक जमले. मी आत धुमसत होतो आणि पहिलंच वाक्य काय बोललो तर वेळेचं महत्त्व. समोरचे शेतकरी, पहाटे चारला लाईट असते म्हणून त्यावेळी उठून पाणी धरणारे, त्यांना मी वेळेचं महत्त्व सांगतोय.

तेव्हापासून माझी एक सवय, बैठक अकराला असं सांगायचं आणि दहाला जाऊन नुसतं बसायचं. त्या तासाभरात जे कळतं ते बैठकीत कधीच कळत नाही.

भाषेचंही तसंच. आपली मराठी फौजेत हिंदी-इंग्लिशची खिचडी होऊन जाते. मी भाषणात "बंदोबस्त टाईट" आणि "मूव्हमेंट" असं काय काय बोलायचो. पोरांना आवडायचं, म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायची. तात्या म्हणाले, आधी सहा महिने मयतीला आणि दहाव्याला जा, तिथं भाषण करायचं नसतं, नुसतं बसायचं असतं, भाषा आपोआप येईल. खरं होतं ते. नदीच्या घाटावर दशक्रियेला सकाळी आठला उभं राहायचं, कावळा शिवायची वाट बघायची, आणि बाजूला लोक ऊस, लेकीचं लग्न, तलाठ्याने अडवलेली नोंद असलं बोलत असतात ते ऐकायचं.

आता फौजी मतांबद्दल, कारण हा सगळ्यात मोठा भ्रम. आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत, आपशिंगे मिलिटरी तर नावातच मिलिटरी. माझ्या गटातही एक असंच गाव होतं. मी धरून चाललो की तिथं एकगठ्ठा. प्रचाराला गेलो तर माजी सैनिकांनी भवनात बसवलं, जय हिंद झाला, चहा झाला. एक हवालदार, वयाने माझ्यापेक्षा मोठे, शेवटपर्यंत गप्प होते. निघताना म्हणाले, "साहेब, राग मानू नका. माझी आई गेली तेव्हा रजेचा अर्ज टेबलावर चार दिवस पडला होता. साहेबांनी सही केली नव्हती. तुम्ही नव्हता, दुसरे होते. पण साहेबच होते." मी काय बोलणार? आपण ऑफिसर लोक "आम्ही फौजी" असं एका तोंडाने म्हणतो, पण जवानाच्या मनात ऑफिसर मेस वेगळी, क्वार्टर वेगळं, पेन्शनचा आकडा वेगळा हे सगळं असतं, वन रँक वन पेन्शनच्या वेळीही ऑफिसर-जवान अशी कुरबूर झालीच की. त्या गावात मी १४२ मतांनी मागे राहिलो.

फेब्रुवारी २०१७, जिल्हा परिषद, ६११ मतांनी पडलो. मतमोजणीच्या दिवशी तालुक्याच्या गोडाऊनबाहेर उभा होतो, गुलाल दुसऱ्याचा उडत होता आणि माझ्या पांढऱ्या शर्टावरही थोडा पडला. घरी येऊन तो शर्ट बायकोने भिजत घातला, डाग गेला नाही.

प्रचारात एक चूक मी केली नाही त्याचं समाधान आहे, युनिफॉर्ममधला फोटो बॅनरवर टाकला नाही. कार्यकर्ते मागे लागले होते, मेडलचा फोटो द्या, बर्फातला द्या, बंदूक घेतलेला द्या. नावामागे रँक आणि पुढे निवृत्त, एवढंच ठेवलं. सैन्याचे आणि जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका असं निवडणूक आयोगाने २०१३ ला पक्षांना कळवलं होतं आणि मार्च २०१९ मध्ये, बालाकोटनंतर, परत बजावलं. कायदा बाजूला ठेवा, जे पोरगं आत्ता पोस्टवर उभं आहे त्याच्या वर्दीवर आपण मतं मागायची हे मला तरी जमणार नाही. काहीजण करतात. माझं त्यांच्याशी पटत नाही, असो.

पडल्यावर दोन महिने मी घराबाहेर पडलो नाही. फौजेत हरलं तरी दुसरी पोस्टिंग येते, नवीन युनिट, नवीन माणसं, कोरी पाटी. इथं तेच गाव, तोच पार, आणि ज्याने मत दिलं नाही तो रोज सकाळी समोरून राम राम घालतो. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

एप्रिलात वरच्या आळीच्या बायका आल्या. माझ्याकडं नव्हत्या आल्या, बायकोकडं हळदीकुंकवाची ओळख म्हणून आल्या. वर पाणी चढत नव्हतं, टाकी भरलेली असायची तरी नळाला नुसती फुसफुस. ग्रामपंचायत म्हणायची मोटर मोठी पाहिजे, तिचा प्रस्ताव गेलाय. मी सॅपर माणूस, पाइपलाइन म्हणल्यावर उठलो. सुभेदार साहेबांना घेतलं, पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढत अख्खी लाइन चाललो. मोटरचा संबंधच नव्हता, पाणी टाकीतून उताराने येत होतं, फक्त मधे लाइन एका उंचवट्यावरून जाते तिथं हवा अडकत होती. त्या उंचवट्यावर एक एअर व्हॉल्व्ह बसवायचा राहून गेला होता, कंत्राटदाराने बिलात लावलेला, जमिनीत नाही. व्हॉल्व्ह मी स्वतः आणला, प्लंबर पोराला घेऊन बसवला. संध्याकाळी नळाने आधी पाच मिनिटं नुसती हवा सोडली, घोड्यासारखी शिंकत होती तोटी, मग गढूळ, मग पाणी. एक आजी घागर न घेताच नुसता हात धरून उभी होती खाली.

त्याच वर्षी सरकारने सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा केला. (पुढे २०२० ला तो काढला आणि २०२२ ला परत आणला, आपल्याकडं असंच असतं.) आमच्या गावचं पद खुलं निघालं. मी उभा राहिलो, पक्ष नाही, पक्षाचं चिन्ह नाही, नकाशा नाही. वरच्या आळीने काय केलं ते मतमोजणीत दिसलं. तात्या एवढंच म्हणाले, झेडपीला तुम्ही कर्नल होता, आता व्हॉल्व्हवाले साहेब आहात.

सरपंच झाल्यावरचं थोडक्यात, कारण ते वेगळंच प्रकरण आहे. ग्रामसेवकाला मी पहिल्या आठवड्यात सांगितलं, मला हा अहवाल संध्याकाळी पाचपर्यंत टेबलावर पाहिजे. तो दुसऱ्या दिवसापासून आजारी रजेवर. त्याच्याकडं तीन गावं होती आणि माझ्या रागावर त्याचं काहीच अडत नव्हतं, चेकवर मात्र आमच्या दोघांच्या सह्या लागत होत्या, त्यामुळे अडत होतं ते गावाचं. बारा दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो, त्याच्या पोराला सैनिक स्कूलची परीक्षा द्यायची होती, त्यावर दीड तास बोललो, अहवालाचा विषयच काढला नाही. सोमवारी तो हजर. फौजेत माणूस ऐकतो कारण कायदा आणि रँक तुमच्या मागे उभे असतात, इथं सदस्य, शिपाई, पाणीवाला, सगळ्यांना "नाही" म्हणायचा पूर्ण हक्क आहे आणि ते तो वापरतात.

ग्रामसभेत पहिल्यांदा एकजण माझ्यावर ओरडला तेव्हा मी दुप्पट आवाजात ओरडलो. एकवीस वर्षांत माझ्यावर खालच्या कोणी आवाज चढवला नव्हता. लोक गप्प झाले, मला वाटलं जिंकलो. पुढच्या दोन ग्रामसभांना कोरमच भरला नाही.

जे फौजेतलं खरंच कामाला आलं ते वेगळंच निघालं. मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, ती मला वाचता येत होती. काँक्रीटच्या रस्त्याची जाडी कागदावर सहा इंच आणि जागेवर चार हे मी टेप लावून दाखवू शकत होतो. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता हा रस्ता कसा जातो ते समजायला मला महिना लागला, इतरांना पाच वर्षांतही कळत नाही. आमच्या इंजिनिअर्सचेच मेजर जनरल खंडुरी वाजपेयींच्या काळात रस्ते खात्याचे मंत्री होते, त्या महामार्गांच्या कामाचं लोक अजून नाव काढतात. पण तेही बघा, २०१२ ला उत्तराखंडचे मुख्यमंत्री असताना "खंडुरी है जरूरी" अशी घोषणा अख्ख्या राज्यात फिरली आणि ते स्वतः कोटद्वारमधून पडले. पक्षाला ३१ जागा, काँग्रेसला ३२. एका जागेने सरकार गेलं. काम चांगलं, माणूस स्वच्छ, तरी पडतो. हे डोक्यात ठेवूनच या.

पाकीट येतं का? येतं. माझ्याकडं दिवाळीच्या मिठाईच्या खोक्यातून आलं. परत पाठवलं, आणि त्यानंतर त्या ठेकेदाराने आमच्या गावात टेंडरच भरलं नाही आणि एक गटार दीड वर्ष रखडलं. लोकांना गटार दिसतं, परत पाठवलेलं पाकीट दिसत नाही. त्यावर उपाय मला सापडलेला नाही.

मोठी स्वप्नं असतील त्यांच्यासाठी आकडे, विधानसभेला अनामत दहा हजार, लोकसभेला पंचवीस हजार, एक षष्ठांश मतं पडली नाहीत तर जप्त. २०२२ पासून आपल्याकडं खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख. निवडणुकीचं वेगळं बँक खातं, रोजचा हिशेब. मेसच्या हिशेबाची सवय असेल तर हे सोपं जातं, इथं तरी आपण पुढे.

२०२२ ला माझी मुदत संपली, सोडतीत सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं. लोक म्हणाले वहिनींना उभं करा. बायको म्हणाली, मी एकवीस वर्षं तुमच्या पोस्टिंगवर राहिले, आता ही पण तुमचीच पोस्टिंग मला नको. विषय संपला, आणि बरंच झालं. झेडपीची निवडणूक त्याच वर्षी व्हायची ती आरक्षणाच्या कोर्टकचेरीत वर्षानुवर्षं लांबली, प्रशासक बसला. तात्या आता थकलेत, यादीचं बाड त्यांनी माझ्याकडं दिलंय.

फोन करणार असाल तर सकाळी आठनंतर करा. नवीन सरपंचताई चांगलं काम करतायत, पण वरच्या आळीला पाणी कमी आलं की बायका अजून माझ्याच दारात येतात, आणि मी स्पॅनर घेऊन त्या उंचवट्यावर गेलेलो असतो, तिथं रेंज नाही.